सिस्टीन चॅपेलच्या प्रतिकृतींचं फिरतं प्रदर्शन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

"छापलेलीच चित्रं ना? मग तिकीट कशाचं?" बाबांनी दारातच विचारलं. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आले होते आणि सिस्टीन चॅपेल या रोममधल्या, पोपच्या प्रार्थनागृहात मायकेलअँजेलोने रंगवलेल्या चित्रांच्या प्रतिकृतींचं फिरतं प्रदर्शन तेव्हाच आमच्या शहरात लागलं होतं. प्रश्न रास्त होता आणि मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही. ते सुचलं आम्ही तिघं दुसऱ्यांदा जाऊन आल्यावर. पहिल्या खेपेला जे चुकलं आणि दुसऱ्या खेपेला जे साधलं, त्यावरून हा लेख लिहिते आहे.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. रोममधल्या खऱ्या चॅपेलचं छत जमिनीपासून सुमारे २० मीटरवर आहे. सहामजली इमारतीच्या पायथ्याशी उभं राहून गच्चीच्या कठड्यावरचं नक्षीकाम न्याहाळावं, तसं ते पाहावं लागतं. खाली माणसांची दाटी, मधूनच पहारेकऱ्यांचं "सिलेन्झिओ" म्हणजे "शांतता", आणि दहा मिनिटांत मान भरून येते. प्रतिकृतीपाशी तुम्ही हातभर अंतरावर उभे असता. तिथे जे दिसतं, ते रोमला जाऊन आलेल्या बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. आणि रोममध्ये जे आहे, त्यातलं बरंचसं इथे नाही. काय मिळणार आणि काय नाही, हे मनाशी पक्कं करून गेलात तर तिकिटाचे पैसे वसूल होतात.

आपल्याकडे तर नकलेला नाक मुरडण्याचं काही कारणच नाही. भिंतीवरचं चित्र गावोगाव नेता येत नाही, म्हणून त्याची नक्कल प्रवास करते, हे महाराष्ट्राने अजिंठ्यापासून पाहिलं आहे. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथे राहून नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात तेच काम पुन्हा करत राहिले. त्यातल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. नकलेसाठी माणसांनी इतकी वर्षं वेचली, कारण तिच्यातून कळणारं दुसरीकडून कळत नव्हतं.

तिकीट काढण्याआधी

सर्वांत आधी हे पाहा की प्रदर्शन कोणत्या जातीचं आहे. हल्ली दोन प्रकार फिरतात. एकात अंधाऱ्या हॉलमध्ये प्रोजेक्टरने भिंतींवर चित्रं हलवतात, संगीत लावतात, आदामाचा हात तुमच्या डोक्यावरून सरकत जातो. दुसऱ्यात मोठ्या कापडांवर छापलेल्या, स्थिर, जवळजवळ मूळ आकाराच्या प्रतिकृती असतात. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. 'मायकेलअँजेलोज सिस्टीन चॅपेल: द एक्झिबिशन' या नावाने फिरणारं प्रदर्शन त्यातलंच; त्यात ३४ प्रतिकृती असतात, आणि २०१७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरजवळच्या ऑक्युलस इमारतीत लागलं होतं. जाहिरातीत 'इमर्सिव्ह' हा शब्द दिसला तर वर्णन नीट वाचा. हलत्या उजेडात गिलाव्याचे सांधे (ते काय, हे पुढे येईलच) शोधता येत नाहीत.

आकार विचारून घ्या. 'आदामाची निर्मिती' हे मूळ चित्र सुमारे २.८ मीटर उंच आणि ५.७ मीटर रुंद आहे, म्हणजे साधारण ९ फूट बाय १९ फूट. प्रदर्शनातलं चित्र याच्या जवळपास असेल तर जरूर जा. वेदीमागच्या भिंतीवरचं 'अंतिम न्याय' हे चित्र मात्र मूळ आकारात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. ती भिंतच १३ मीटरहून उंच आहे, साध्या हॉलमध्ये मावणार नाही.

आम्ही पहिल्यांदा शनिवारी दुपारी गेलो. तीच आमची चूक. आदामासमोर फोटोसाठी रांग होती आणि आईला बसायला जागा मिळाली नाही. दुसऱ्यांदा मंगळवारी सकाळी, उघडल्या उघडल्या गेलो, तेव्हा अर्धा तास हॉल जवळपास आमचाच होता. तिकीट जिथे प्रदर्शन आहे त्या जागेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. वेळेचा गाळा ठरलेला असतो, पण आत गेल्यावर किती वेळ थांबता येतं हे विचारून ठेवा. दोन तास तरी हवेत. बाकं किंवा घडीच्या खुर्च्या, चाकाची खुर्ची, स्वच्छतागृह यांचीही चौकशी करा; ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर दिवस चांगला जाणं यावरच ठरतं. ऑडिओ गाइड फोनवर असेल तर स्वतःचे इअरफोन न्या.

आदल्या रात्रीचा एक तास

ही पायरी गाळू नका. प्रदर्शनात चित्रं सुटी सुटी टांगलेली असतात आणि छतावर कोणतं कशाच्या शेजारी आहे, हे तिथे कळत नाही. म्हणून एका कागदावर लांबट आयत काढा. मधोमध लांबीच्या दिशेने नऊ चौकटी आखा. वेदीकडच्या टोकापासून दाराकडे येताना त्यांचा क्रम असा: प्रकाश आणि अंधार वेगळे होणं, सूर्य-चंद्र आणि वनस्पती, पाणी आणि जमीन वेगळी होणं, मग आदामाची निर्मिती, हव्वेची निर्मिती, मोह आणि बागेतून हकालपट्टी, शेवटी नोहाचा यज्ञ, महापूर, नोहाची नशा. या चौकटींच्या भोवती बारा भव्य बैठ्या आकृती आहेत, सात संदेष्टे आणि पाच सिबिला म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन जगातल्या भविष्यवादिनी. चार कोपऱ्यांत सुटकेच्या चार कथा आहेत, त्यात दावीद आणि गल्याथ. खिडक्यांवरच्या कमानींत येशूचे पूर्वज. हा कागद खिशात ठेवा. हॉलमध्ये माझ्याजवळ सर्वांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू हीच.

गोष्टी ठाऊक नसतील तर मराठी बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय वाचा. अर्ध्या तासात होतात आणि आपल्याला ते परके वाटत नाहीत. आईने महापुराची कथा ऐकली आणि लगेच म्हणाली, "म्हणजे आपला मनू आणि मत्स्य."

फ्रेस्को म्हणजे काय, हे चुन्यापासून समजून घ्या

कुठल्याही भिंतीचित्राला फ्रेस्को म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे, ती इथे सोडावी लागते. खरा फ्रेस्को ओल्या गिलाव्यावर होतो. कळीचा चुना पाण्यात विरवतात, मुरवतात, त्यात वाळू किंवा रोममध्ये मिळते तशी ज्वालामुखीची राख घालून गिलावा करतात. खडबडीत थरावर शेवटचा गुळगुळीत थर चढवतात, त्याला इटालियनमध्ये इंतोनाको म्हणतात. तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. रंगात डिंक नाही, सरस नाही. रंग भिंतीचाच भाग होतो. अजिंठ्याचं तंत्र वेगळं आहे. तिथे माती, भुसा, गवत यांच्या लेपावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर रंगवलेलं आहे. ओल्या चुन्याशी आपलं खरं नातं शोधायचं तर गोवा आणि कोकणातल्या जुन्या देवळांवरची कावी पाहावी: तांबड्या मातीचा थर ओला असतानाच कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. पद्धत वेगळी, पण घाई तीच.

या घाईमुळेच चित्रकार एका दिवसात रंगवून होईल तेवढाच इंतोनाको लावतो. त्या दिवसाच्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात, म्हणजे एक दिवसाचं काम. दुसऱ्या दिवशी शेजारी नवा तुकडा. दोघांच्या मध्ये सांधा राहतो, आणि सांधे मोजले की चित्राला किती दिवस लागले हे कळतं.

आराखडा भिंतीवर उतरवायची रीत तर आपल्या घरातली आहे. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी कागदाला उदबत्तीने भोकं पाडतात आणि वरून रांगोळी फिरवतात ना, अगदी तसंच. मोठ्या कागदावर पूर्ण आकाराचं रेखाटन, रेषांवर सुईने टोचलेली भोकं, आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. गिलाव्यावर काळे ठिपके उमटतात. छताचं काम पुढे गेलं तसा मायकेलअँजेलो भोकांऐवजी टोकदार सळीने कागदावरूनच ओल्या गिलाव्यात रेषा दाबू लागला, कारण त्यात वेळ वाचतो.

आत गेल्यावर: नोहापासून सुरुवात करा

बहुतेक लोक आदामाकडे धावतात. तुम्ही तुमच्या कागदावरचं दुसरं टोक गाठा आणि 'महापूर' शोधा, कारण चित्रकारानेही सुरुवात त्याच बाजूने केली होती. पोप जुलियस दुसरा याने १५०८ मध्ये काम सोपवलं तेव्हा मायकेलअँजेलो स्वतःला शिल्पकार मानत होता. त्या छतावर आधी निळ्या आकाशात सोनेरी तारे रंगवलेले होते. काम सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत चित्रावर बुरशी चढली. त्याच्या हयातीत लिहिलेल्या चरित्रात ही हकिकत आहे: तो काम सोडायला निघाला होता, पण जुलियानो दा सांगाल्लो या वास्तुकाराने गिलाव्यात पाणी जास्त होतंय हे दाखवून त्याला सावरलं.

बाबा निवृत्त होईपर्यंत सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. बुरशीची ही गोष्ट सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदाच चष्मा पुसला आणि चित्राच्या अगदी जवळ गेले. "इथं काम थांबवलंय," ते म्हणाले. एका आकृतीच्या कडेने गेलेली बारीक रेष त्यांच्या बोटाखाली होती, अर्थात न टेकवता. तोच जोर्नाताचा सांधा. मी पहिल्या खेपेला त्याच चित्रासमोर दहा मिनिटं उभी होते आणि मला तो दिसला नव्हता.

'महापूर' पाहताना आकृती किती लहान आणि किती जास्त आहेत ते लक्षात ठेवा. इथेच गिलाव्याचा एक तुकडा नाहीसा झालेलाही दिसेल. १७९७ मध्ये जवळच्या कास्तेल सांत'आंजेलो या किल्ल्यात दारूगोळ्याचा स्फोट झाला, त्यात तो कोसळला. आता पुढे चला. १५११ मध्ये अर्धं छत उघडं झालं आणि चित्रकाराने आपलंच काम खालून पाहिलं. त्यानंतरच्या चौकटींत माणसं कमी होतात आणि आकाराने वाढतात. 'महापुरा'तली गर्दी मनात ठेवून 'आदामा'समोर उभे राहा: दोन मोठ्या आकृती, मध्ये रिकामी जागा आणि न टेकलेली दोन बोटं. शेवटच्या टोकाला, प्रकाश-अंधाराच्या चौकटीत, एकच आकृती वर उसळलेली आहे, आणि ती एका जोर्नातात, म्हणजे एका दिवसात रंगवलेली आहे. हा प्रवास पायी करता येणं ही प्रतिकृतींच्या प्रदर्शनाची मोठी सोय आहे. सुटी चित्रं कोणत्याही क्रमाने टांगलेली असोत, तुम्ही हाच क्रम धरा, भले हॉलमध्ये चार वेळा मागेपुढे जावं लागो.

पहिली फेरी ऑडिओ गाइडशिवाय करा. कानात आवाज असला की डोळे तो सांगेल तिथेच जातात.

जवळून काय शोधायचं

सगळी चित्रं सारख्याच मन लावून पाहायला गेलात तर विसाव्या चित्रापाशी थकाल. नोहा आणि आदाम झाल्यावर मी तीनच सुचवेन.

यिर्मया संदेष्टा: हनुवटी तळहातावर, तोंड झाकलेलं, मान खाली. इतकी मोठी आकृती आणि हालचाल काहीच नाही. समोर बसायला मिळालं तर इथे बसा.

लिबियाची सिबिला: भलंमोठं पुस्तक उचलताना वळलेली पाठ. खांदे आणि दंड पाहा. यासाठीचं लाल खडूचं रेखाटन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे आहे आणि ते पुरुष मॉडेलवरून केलेलं आहे. कागदावरची रेखाटनं उजेडाने खराब होतात म्हणून ती सतत टांगलेली नसतात, पण संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते पाहता येतं. आधी ते पाहून गेलात तर चित्रातलं प्रत्येक हाड ओळखीचं वाटेल.

तिसरं चित्र योना या संदेष्ट्याचं. त्याच्याविषयी पुढे.

रंग पाहून दचकू नका. पोपटी, केशरी, गुलाबी, जांभळट. छापताना भडक झाले असतील असं वाटतं, आणि थोडा फरक छपाईत पडतोही. पण मूळ छतही असंच उजळ आहे. शतकानुशतकांची काजळी आणि जुन्या डागडुजीचा सरस १९८० ते १९९४ या काळात काढण्यात आला. त्याचा खर्च निप्पॉन टेलिव्हिजन या जपानी कंपनीने उचलला. तेव्हा वाद पेटला होता, आणि काजळीबरोबर चित्रकाराच्या हातच्या छटाही गेल्या असं म्हणणारे अभ्यासक आजही आहेत.

आणि एक गैरसमज इथेच सोडून द्या. मायकेलअँजेलोने उताणं पडून छत रंगवलं नाही. परांचीवर उभा राहून, मान मागे टाकून, हात वर करून रंगवलं. त्याने जोव्हान्नी दा पिस्टोया या मित्राला पाठवलेल्या कवितेत गळा सुजल्याची आणि चेहऱ्यावर रंग ठिबकत असल्याची तक्रार आहे, आणि शेजारी उभ्याने रंगवणाऱ्या माणसाचं छोटं रेखाटनही.

मुलं आणि वडीलधारी बरोबर असतील तर

या चित्रांत नग्न शरीरं आहेत, खूप आहेत. आधी सांगून ठेवलेलं बरं. मुलांना एवढंच सांगा की या चित्रकाराला माणसाचं शरीर ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटत होती. मुलं लगेच पुढच्या चित्राकडे जातात. आईला संकोच वाटला होता. तिला मी 'अंतिम न्याया'ची हकिकत सांगितली. ते चित्र छतानंतर बऱ्याच वर्षांनी, १५३६ ते १५४१ मध्ये झालं, आणि त्यातल्या नग्नतेवरून चर्चमध्येच वादळ उठलं. १५६५ मध्ये दानिएले दा व्होल्तेरा याला त्या आकृतींवर वस्त्रं रंगवायला लावली आणि बिचाऱ्याला 'तुमानी चढवणारा' हे टोपणनाव कायमचं चिकटलं. मूळ चित्र कसं होतं हे आज समजतं ते मोठ्या प्रमाणावर मार्चेल्लो वेनुस्तीने १५४९ मध्ये केलेल्या, आता नेपल्सला असलेल्या नकलेमुळे. ऐकून आईने त्या चित्रासमोर दोन खुर्च्या ओढल्या आणि कुठली वस्त्रं नंतरची असतील यावर तिची आणि बाबांची चर्चा सुरू झाली.

लहान मुलांना काम द्या: छतावर चौकटींच्या कोपऱ्यांशी वीस नग्न तरुण बसलेले आहेत, त्यांच्याजवळ ओकची फळं शोधा. पोप जुलियसचं घराणं देल्ला रोव्हेरे, आणि रोव्हेरे म्हणजे ओक. मुलांना हे कोडं फार आवडतं.

फोटो आणि दुकान

खऱ्या चॅपेलमध्ये फोटो काढायला बंदी आहे. प्रतिकृतींच्या प्रदर्शनात बहुधा परवानगी असते, दारावर विचारा. काढायचेच तर अख्ख्या चित्राचे काढू नका, ते कुठेही मिळतात. सांधे, तडे, दाबलेल्या रेषा यांचे काढा. दुकानातून काही घ्यायचंच असेल तर पूर्ण छताचा नकाशा असलेलं पोस्टर घ्या.

जे इथे दिसणार नाही

निघण्याआधी योनासमोर पुन्हा जा. मूळ जागी हा संदेष्टा वेदीच्या वर आहे, जिथे छताचा गिलावा वळत वळत पाहणाऱ्याच्या दिशेने पुढे येतो. आणि त्या पुढे झुकलेल्या पृष्ठभागावर मायकेलअँजेलोने मागे रेलणारा माणूस रंगवला. त्याचं धड, पोटाजवळ तर, तुमच्याकडे झुकलेल्या गिलाव्यावर असूनही आत, दूर गेल्यासारखं दिसतं. जुन्या चरित्रकारांनाही याचंच सर्वांत मोठं नवल वाटलं. सपाट कापडावर हे घडू शकत नाही. तिथे योना फक्त मागे रेललेला दिसतो. छताखालच्या भिंतींवरचे बोत्तिचेल्ली, पेरुजिनो, गिर्लांदायो यांनी १४८१-८२ मध्ये केलेले फ्रेस्कोही अशा प्रदर्शनात सहसा नसतात, आणि खिडक्यांतून येणारा, दिवसभर सरकणारा उजेडही नसतो.

तरीही एक करून पाहा. हॉलमधल्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात जा, तिथून योनाकडे बघा आणि मनात त्याला २० मीटर वर नेऊन ठेवा. बाबांनी हे केलं आणि विचारलं, "एवढ्या वर, वळणावर, त्याने माप कसं घेतलं असेल?" त्यावर घरी येईपर्यंत आम्ही बोलत होतो.

पुढे कधी रोमला गेलात तर छोटी दुर्बीण बरोबर ठेवा, तो नऊ चौकटींचा कागदही ठेवा. आणि आत शिरल्यावर आदामाच्या आधी वेदीच्या वर, कमानीत पाहा. गिलावा पुढे येतोय आणि योना मागे जातोय.